भांडकुदळ माशाचं काय करायचं?



वाढदिवसाला, दिवाळीला किंवा पहिला नंबर आला म्हणून तुमच्यापैकी काहींच्या घरी माशांची काचपेटी येते. तळाला रंगीत खडे, बुडबुडे सोडणारा पंप आणि पाच-सहा मासे. दुकानात ते सगळे गुण्यागोविंदाने पोहत असतात. घरी आल्यावर मात्र आठ-पंधरा दिवसांत एकाची शेपटी कुरतडलेली दिसते, दुसरा कोपऱ्यात दडून बसतो आणि एखाद्या सकाळी तिसरा उलटा होऊन तरंगतो. मग घरात एकच ओरड होते, "तो मोठा मासा दुष्ट आहे. त्याला आधी घराबाहेर काढा!"

काढायचा तर कुठे? आणि मुळात तो खरंच दुष्ट असतो का? आज आपण हेच पाहू.

मासा भांडतो तो जागेसाठी, खाण्यासाठी, नाहीतर पिल्लांसाठी. आपल्या तळ्यातली मरळ तुम्ही पाहिली असेल. तांबूस पिल्लांचा घोळका वर पोहत असतो आणि खाली मरळ राखण करत असते. कुणी जवळ गेलं की ती अंगावर धावून येते. तिला आपण दुष्ट म्हणतो का? नाही! सिक्लिड नावाच्या कुळातले मासेही असेच आपापल्या हद्दीची राखण करतात. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न हे दुकानात मिळणारे मासे याच कुळातले.

नदीत हरलेला मासा पळून जातो आणि भांडण मिटतं. काचपेटीत पळायचं कुठे? थोडं गणित करू. पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असेल, तर तिच्यात २ घनफूट पाणी मावतं. एका घनफुटात सुमारे २८ लिटर, म्हणजे सगळं मिळून ५६ लिटर. पाणी भरायच्या चार कळश्या समजा. आणि ऑस्कर तर पूर्ण वाढला की फूटभर लांब होतो! पेटीच्या रुंदीएवढ्याच लांबीच्या माशानं वळायचं तरी कसं?

म्हणून मासे विकत घेण्याआधी दुकानदाराला हे पाच प्रश्न विचारायचे.

पहिला, हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? दुकानात दिसतात ती बहुतेक पिल्लंच असतात.

दुसरा, याच्या तोंडात कोण मावेल? जो मावतो तो सोबती नव्हे, खाऊ! एंजल दिसायला शांत, पण मोठा झाला की इवलासा निऑन टेट्रा गिळून टाकतो.

तिसरा, याला कसं पाणी लागतं? गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, फायटरला कोमट. दोघांना एकत्र ठेवलं तर एकाचे हाल ठरलेलेच.

चौथा, हा एकटा राहतो की घोळक्यात? फायटरचे दोन नर एका पेटीत कधीच ठेवू नयेत. टायगर बार्बचं उलटं आहे. तो एकटा-दुकटा असला की इतरांचे पंख कुरतडतो. सहा-आठ जण असले की आपसांतच पळापळी खेळत बसतो. तरीही लांब पंखांच्या एंजलशेजारी किंवा गप्पीशेजारी त्याला ठेवू नये.

पाचवा, हा पाण्यात कुठे वावरतो? कुणी वर, कुणी मधे, कुणी तळाशी राहतो. तिन्ही मजल्यांवर वस्ती विभागली की भांडणं कमी होतात.

आपल्या भागात बोअरचं पाणी बहुधा जड असतं. भांड्यांवर पांढरा थर बसतो ना, तेच क्षार. गप्पी, मोली आणि प्लेटी यांना असं पाणी चांगलं मानवतं, आणि तिघंही एकमेकांशी जुळवून घेतात. नव्यानं मासे पाळणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी.

पण भांडकुदळ मासा आधीच घरात आलेला असेल तर?

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाकडे असाच एक फ्लॉवरहॉर्न आला. कपाळावर हे मोठं टेंगूळ! 'हा घरात असला की भरभराट होते' असं सांगून पाहुण्यांनी तो भेट दिला होता. त्यानं आठवड्याभरात दोन गोल्डफिश मारले. मुलगा मला विचारायला आला, "सर, याला कॅनलमधे सोडून देऊ का? तिथं मोकळं पाणी हाय, खूश राहील."

त्याच्या बोलण्यात कंटाळा नव्हता, दया होती. म्हणून मी तो प्रश्न साऱ्या वर्गापुढे ठेवला.

इसापूर धरणाचं पाणी कॅनलने आपल्याकडे येतं, पण ते पाळीपाळीने. पाळी संपली की कॅनल आटतो. मग तो मासा चिखलात तडफडून मरेल. ही झाली एक शक्यता. दुसरी याहून वाईट, ती म्हणजे तो जगेल! ओढ्यात, नदीत, धरणात पोचेल आणि तिथले छोटे मासे, अंडी, पिल्लं खाईल. फ्लॉवरहॉर्न तर कोणत्याच नदीचा नाही. १९९० च्या दशकात मलेशियात वेगवेगळ्या सिक्लिडांचा संकर करून माणसानं तो तयार केला. त्याला आवर कसा घालायचा हे आपल्या नदीला ठाऊक नाही.

एका माशानं काय होतंय, असं वाटतं ना? मग ही उदाहरणं ऐका. काचेवरचं शेवाळ खाण्यासाठी आणतात तो सकर मासा दक्षिण अमेरिकेतला. कुणीकुणी सोडून दिलेले सकर आता सोलापूर जिल्ह्यातल्या उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतात. त्याच्या अंगावर हाडांचं चिलखत आणि काटे असतात. त्यांनी जाळी फाटतात आणि त्याला विकत कुणी घेत नाही. केरळात २०१८ च्या महापुरानंतर अॅमेझॉन नदीतला प्रचंड अरापाइमा चालकुडी नदीत सापडला. काश्मीरच्या दल सरोवरात २०२३ साली मगरीसारख्या तोंडाचा अॅलिगेटर गार सापडला. हे मासे चालत आले नाहीत, माणसांनीच आणले.

आफ्रिकेतला चिलापी मासा १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. तोही सिक्लिडच. आज तो कितीतरी तलावांत ठाण मांडून बसला आहे. पाण्यात गेलेला मासा परत बोलावता येत नाही, मुलांनो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मग आरोग्य खात्याचे लोक गप्पी मासे सोडतात, ते कसं चालतं?"

प्रश्न अगदी रास्त होता. गप्पीही मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच. तो डासांच्या अळ्या खातो, म्हणून त्याला हौदात, डबक्यात, जिथलं पाणी नदीला मिळत नाही अशा ठिकाणी सोडतात. नदीत गेला तर तोही न बोलावलेला पाहुणाच. म्हणून गप्पीसुद्धा आरोग्य सेवक सांगतील तिथेच सोडायचे.

मग फ्लॉवरहॉर्नचं काय झालं? आधी पेटीच्या मधे भोकं पाडलेली जाळीची फळी बसवली आणि उरलेल्या गोल्डफिशला वेगळं केलं. हा प्रथमोपचार तुम्हीही लक्षात ठेवा. दगडांची जागा बदलली तरी भांडण थोडे दिवस थांबतं, कारण जुनी हद्द पुसली जाते. पण फ्लॉवरहॉर्नला एकटं राहायलाच आवडतं, आणि त्याला निदान चार फुटी पेटी लागते. तशी मोठी पेटी असलेलं एक कुटुंब नांदेडला मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी त्याला खायला दिलं नाही, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवली. पिशवी डब्यात ठेवून वर कापड झाकलं. अंधारात मासा शांत राहतो. नव्या घरी पिशवी पंधरा-वीस मिनिटं पेटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवली आणि मगच मासा सोडला.

आणि मुलानं पिशवीला एक चिठ्ठी बांधली होती : 'यानं दोन मासे मारले आहेत. याला एकट्यालाच ठेवा.' मला ही चिठ्ठी फार मोलाची वाटते. आपली अडचण खोटं बोलून दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची नसते.

असं घर मिळालं नाही तर माशांच्या दुकानदाराला विचारा. काही दुकानदार मासा परत घेतात, कधी बदल्यात छोटे मासे देतात. तोवर फळी तशीच राहू द्या. पेटीतल्या वनस्पती आणि काढलेलं पाणीही ओढ्यात टाकू नका. पाणी झाडांना घाला, त्यांना ते खतासारखं लागू पडतं.

पालकांनाही दोन शब्द. नशीब उजळेल म्हणून मासा घेऊ नका, आणि कुणाला न विचारता तो भेटही देऊ नका. जीव भेट देताना आपण त्याच्या पोटापाण्याची कित्येक वर्षांची जबाबदारी देत असतो. आठवड्याला पाव पेटी पाणी बदलणं हे मुलाचं काम ठरवा, पण नजर तुमची असू द्या.

या आठवड्याचा उपक्रम : घरातल्या किंवा ओळखीच्यांच्या पेटीची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा. किती लिटर पाणी मावतं ते काढा. मग त्यातला प्रत्येक मासा वाढून केवढा होईल ते विचारून वहीत लिहा. आकडे जुळले नाहीत, तर भांडण सुरू होण्याआधीच मोठ्यांशी बोला.