दंड भरला, लायसनचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या खटल्यातला पक्षकार पहिल्या भेटीत दोन प्रश्न हमखास विचारतो. "मॅडम, दंड किती बसेल?" आणि "आत तर जावं लागणार नाही ना?" लायसनचं काय होणार, हे फार थोडे विचारतात. तालुका न्यायालयात फौजदारी वकिली करताना हे मी सतत पाहत आले आहे. गुन्हा कबूल करायचा, नाझरकडे दंड भरायचा, पावती खिशात घालायची आणि आवारात लावलेली गाडी काढून घरी जायचं. न्यायाधीशांनी त्याच सकाळी अपात्रतेचा आदेश केला असेल, तर गाडीला किल्ली लावताक्षणी दुसरा गुन्हा घडतो, हे त्या माणसाच्या गावीही नसतं.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 20 प्रत्येक वाहनचालकानं वाचावं असं आहे. या कायद्याखालचा गुन्हा, किंवा ज्यात मोटार वापरली गेली असा कोणताही गुन्हा शाबीत झाला, की इतर शिक्षेच्या जोडीला आरोपीला लायसन बाळगण्यास ठरावीक मुदतीसाठी अपात्र ठरवण्याचा अधिकार या कलमानं न्यायालयाला दिला आहे. काही गुन्ह्यांत तर असा आदेश करावाच लागतो. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं आणि कलम 185 खाली दोष सिद्ध झाला, तर किमान सहा महिन्यांची अपात्रता ठरलेली. तोच गुन्हा पुन्हा केला, तर कलम 22 प्रमाणे लायसन रद्दच होतं. अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी कलम 134 मध्ये सांगितली आहे. ती टाळणाऱ्यावरही किमान एक महिन्याची अपात्रता बंधनकारक आहे.

आता ज्याच्या हातून माणूस मेला त्याचं पाहू. निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याचा गुन्हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये आहे. त्याआधी तो भारतीय दंड संहितेच्या 304-अ मध्ये होता. चालक प्यालेला नव्हता, जागेवर थांबला होता आणि त्याच्यावर आधीची शिक्षा नाही, अशा खटल्यात अपात्रतेचा आदेश न्यायालयाला 'करता येतो'. करायलाच हवा असं बंधन नाही. म्हणजे कोणी मागणी केली नाही आणि न्यायाधीशांनी आपणहून विचार केला नाही, तर एक जीव घेतल्याचं सिद्ध होऊनही लायसन सहीसलामत राहू शकतं.

नुकसानभरपाईच्या दाव्यात मी जिची वकील होते, त्या बाईच्या नवऱ्याच्या मृत्यूचा फौजदारी निकाल लागला तेव्हा मी तिच्याबरोबर होते. शिक्षा झाली, दंडही झाला. तिनं रक्कम विचारली नाही. "तो आता गाडी चालवणार नाही ना?" एवढंच तिनं विचारलं. निकालपत्रात लायसनबद्दल एक ओळही नव्हती. कारण पूर्ण खटल्यात कोणीही ती मागितली नव्हती. कायदा तिच्या बाजूनं उभा राहायला तयार होता, फक्त त्याला कोणी हाक मारली नाही, याचा मला आजही राग येतो.

आदेश झाला, की पुढची वाट कायद्यात स्पष्ट लिहिली आहे. अपात्रतेचा तपशील लायसनवर नोंदवायचा, असं कलम 24 सांगतं. कलम 22 खाली लायसन निलंबित किंवा रद्द झालं, तर न्यायालयानं ते स्वतःच्या ताब्यात घ्यायचं, त्यावर शेरा मारायचा आणि ज्या कार्यालयानं ते दिलं किंवा शेवटचं नूतनीकरण केलं तिथं पाठवायचं. खटला रत्नागिरीत चालला आणि लायसन नाशिकचं असेल, तर ते नाशिकच्या आरटीओत जातं. निलंबनाची मुदत संपल्यावरही ते आपोआप घरी येत नाही. चालकानं अर्ज करायचा, वाहन चालवण्याची चाचणी नव्यानं द्यायची, वैद्यकीय प्रमाणपत्र आणायचं आणि मगच ते परत मिळतं. ज्याच्या हातून गंभीर चूक झाली, तो पुन्हा रस्त्यावर येण्याआधी त्याला गाडी नीट चालवता येते का, हे कोणीतरी तपासून पाहावं, इतकी साधी आणि योग्य अपेक्षा त्यामागे आहे.

आज लायसनचं कार्ड जमा झालं, तरी डिजिलॉकरमधली प्रत मोबाइलवर राहू शकते. त्यामुळे आदेशाची नक्कल आरटीओत पोचणं आणि सारथी पोर्टलवर तिची नोंद होणं हे कार्ड जमा करण्याइतकंच गरजेचं झालं आहे. न्यायालयातून निघालेला कागद टपालात अडकला, तर नाक्यावरच्या पोलिसाला ते लायसन चालूच दिसणार. आदेश वेळेवर पाठवणाऱ्या कारकुनाच्या आणि नोंद करणाऱ्या आरटीओतल्या माणसाच्या कामावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो.

पक्षकारांच्या मनात काही समज घट्ट बसलेले आहेत. अपील केलं की गाडी चालवता येते, हा त्यातला सर्वांत धोक्याचा. कलम 23 म्हणतं, अपील न्यायालयानं तसा आदेश दिल्याशिवाय अपात्रता थांबत नाही. 'लायसन हरवलं' सांगून दुसरी प्रत काढायची शक्कल काहीजण लढवतात. ती प्रत हातात आली, तरी अपात्रता कायमच असते. अपात्र असताना गाडी चालवली, तर कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. माहीत असून त्याच्या हाती गाडी देणारा मालकही कलम 180 खाली आरोपी होतो, मग तो मालक सख्खा भाऊ का असेना. त्या काळात अपघात झाला, तर विमा कंपनीला बचावाचा मुद्दा मिळतो आणि मृताच्या वारसांना दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. शेत आणि घर विकूनही न फिटणारं कर्ज अशा एका फेरीतून उभं राहतं.

"लायसन गेलं तर पोराबाळांनी खायचं काय?" हे ट्रक आणि रिक्षा चालवणारे विचारतात, आणि त्यांची काळजी खरी आहे. कायद्यानं तिचाही विचार केला आहे. न्यायालय एखाद्या विशिष्ट प्रकारच्या वाहनापुरतीच अपात्रता ठेवू शकतं. आदेशानंतर सहा महिने उलटले, की अपात्रता काढण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. वर्तन सुधारल्याचं दाखवायची संधी तिथं मिळते. वकिलानं पक्षकाराला ही वाट पहिल्याच दिवशी दाखवली, तर लपूनछपून गाडी चालवण्याचा मोहही कमी होईल.

माझं मागणं सरळ आहे. मृत्यूच्या किंवा गंभीर दुखापतीच्या प्रत्येक खटल्यात सरकारी वकिलांनी शिक्षेवर बोलताना कलम 20 चा आदेश मागावा, आणि धोकादायक वाहन चालवण्याचं कलम 184 शाबीत झालं असेल तर चाचणी पुन्हा उत्तीर्ण होईपर्यंत अपात्रता ठेवण्याचीही विनंती करावी. कायद्यानं ती सोय दिलेली आहे. आरोपीच्या वकिलानं दंडाच्या पावतीबरोबर अपात्रतेच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख पक्षकाराच्या हातात लिहून द्यावी. आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं आहे, त्यांनी निकालाची वाट पाहत मागच्या बाकावर गप्प बसू नये. युक्तिवादाच्या आधीच्या तारखेला सरकारी वकिलांना भेटून 'आम्हाला लायसनबद्दल आदेश हवा आहे' असं एका कागदावर लिहून द्यावं. त्याला वकील लागत नाही, फी लागत नाही, आणि त्यातून दुसऱ्या एखाद्या घरचं माणूस वाचू शकतं.