बदलापूर की मुंबई? हिशोब तासांचाही मांडा

पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर येतं, घरात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्न पडतो: राहायचं कुठे? नाशिक, सोलापूर, कोल्हापूरहून मुंबईत येणाऱ्या प्रत्येकाला एखादा मामा नाहीतर काका सांगतोच, 'अरे, मुंबईत कशाला पैसे घालवतोस? बदलापूरला घर बघ. पासच तर काढायचाय!' मामांचा सल्ला चुकीचा नाही, पण त्यांनी हिशोबाचा एकच कॉलम भरलाय. तो रुपयांचा. दुसरा कॉलम तासांचा असतो आणि तो बहुतेक वेळा कोराच राहतो.

आधी 'उपनगर' म्हणजे काय ते ठरवूया. सरकारी कागदावर मुंबई उपनगर जिल्हा १९९० मध्ये वेगळा झाला आणि तो वांद्रे-कुर्ल्यापासून सुरू होतो. म्हणजे वांद्र्याचा समुद्रासमोरचा फ्लॅटसुद्धा कागदावर उपनगरातलाच! ते उपनगर आपल्या खिशातलं नाही. आपण बोलतोय ते ठाण्याच्या पलीकडच्या डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूरबद्दल, किंवा तिकडच्या नालासोपारा-विरारबद्दल. मुंबईत काम करणारी माणसं तिकडे सरकतायत हे जनगणनेतही दिसतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांवर आली. त्याच काळात कुळगाव-बदलापूर लाखाच्या आतून पावणेदोन लाखांच्या घरात गेलं.

रुपयांचा कॉलम

आता एक उदाहरण घेऊ. आकडे मुद्दाम गोल धरलेत. तुमचे वेगळे असतील, ते इथे टाकून बघा. हातात पगार २० हजार, ऑफिस लोअर परळला, महिन्याला २५ दिवस काम.

बदलापूरला दोघांत मिळून वनबीएचके घेतला, तर भाड्याचा आपला वाटा ४,५०० रुपये. वीज आणि गॅस १,०००, जेवण ४,५००, सेकंड क्लासचा पास ४०० धरू. घर ते स्टेशन शेअर रिक्षाचे महिन्याला १,००० आणि लांबच्या प्रवासात वडापाव, चहा, बिस्लेरी मिळून आणखी १,०००. एकूण १२,४००.

मुंबईत स्वतंत्र घर विसरा, पीजीमध्ये एक कॉट घेऊ. वीज धरून ११,००० रुपये. जेवण ५,०००, जवळचा पास आणि बस मिळून ६००, बाहेरचं खाणं ८००. एकूण १७,४००.

फरक बरोबर ५,००० रुपयांचा. मामा जिंकले.

आता तासांचा

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर आहे. रिक्षाची रांग, लोकलची वाट, प्रवास आणि उतरल्यावरची पायपीट धरली तर दारापासून दारापर्यंत दोन तास सहज जातात. मुंबईतल्या पीजीमधून पाऊण तास धरू. म्हणजे एका फेरीला सव्वा तास जास्त, दिवसाला अडीच तास आणि महिन्याला साडेबासष्ट तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर जवळपास आठ दिवसांची जादा ड्युटी, तीही बऱ्याचदा उभ्याने.

आता ५,००० भागिले ६२.५ करा. उत्तर येतं ८० रुपये. म्हणजे बदलापूरला राहून तुम्ही आपला एक तास ८० रुपयांना विकताय. आणि ऑफिस तुम्हाला तासाचे किती देतं? २० हजार भागिले २०० तास, म्हणजे १०० रुपये.

मग मुंबईच परवडते का? इथे थांबा. वेळेला किंमत असणं वेगळं आणि तो वेळ विकता येणं वेगळं. ते साडेबासष्ट तास वाचले तर त्यात तुम्ही कोर्स करणार असाल, फ्रीलान्स काम घेणार असाल, एमपीएससीचा अभ्यास करणार असाल, तर मुंबईची कॉट महाग नाही. पण तसं काही नसेल तर महिनाअखेरीला मुंबईत हातात उरतात २,६०० आणि बदलापूरला ७,६००. घरी पैसे पाठवायचे असतील किंवा शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झाला असेल, तर इथे निवड अशी राहतच नाही. आणि हा हिशोब मुंबईच्या डिपॉझिट आणि ब्रोकरेजला हात न लावता केलाय.

हेच गणित कुटुंबाचं केलं की चित्र पालटतं. बदलापूरचा वनबीएचके ९ हजार आणि अंधेरीचा ३५ हजार धरला, तर फरक २६ हजारांचा. घरातून एकच जण मुंबईला जात असेल तर एका जादा तासामागे ४०० रुपयांच्या वर वाचतात. दोघं जात असले तरी २०० च्या वर. थोडक्यात, दूरचं उपनगर कुटुंबाला खरोखर स्वस्त पडतं. एकट्या नोकरदाराला ते तेवढं स्वस्त पडत नाही, कारण शहर एकट्याला एक कॉट भाड्याने देऊ शकतं. आई-बाबा आणि दोन मुलांना चार कॉटवर संसार करता येत नाही. बदलापूर स्वस्त असल्याचं सांगणारे मामा बहुतेक वेळा कुटुंबाचा हिशोब डोक्यात ठेवून बोलत असतात.

पास स्वस्त म्हणून अंतर दिसत नाही

घर परवडतं की नाही हे ठरवताना फक्त भाडं बघू नका, प्रवासही धरा, हा विचार अमेरिकेत शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने २००६ पासून एका निर्देशांकातून मांडलाय. घर आणि प्रवास मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत बसलं तर परवडतं, असा त्यांचा ठोकताळा. आपल्या उदाहरणात बदलापूर साडेचौतीस टक्क्यांवर येतं आणि मुंबई ५८ टक्क्यांवर. बदलापूर पास, मुंबई नापास!

पण तिकडे लांब राहणाऱ्याला बहुतेक वेळा गाडी लागते, पेट्रोल लागतं, त्यामुळे अंतर थेट बिलात उमटतं. आपल्याकडे लोकल हे अंतर बिलातून पुसून टाकते. साधारण १५ फेऱ्यांच्या तिकिटाच्या पैशांत महिनाभराचा पास मिळतो. जून २०१४ मध्ये तो ३० फेऱ्यांच्या दराने करायचा निर्णय जाहीर झाला, मुंबईत ओरड झाली आणि काही दिवसांतच उपनगरी प्रवाशांसाठी तो मागे घेतला गेला. बरं झालं. हा स्वस्त पास नसता तर बदलापूर, कसारा, विरार इथून मुंबईत काम करणं लाखोंना जमलंच नसतं. पण त्याच पासमुळे मालकांना आणि सरकारला 'लांब राहतात, पण येतात की' असं म्हणायची सोयही झालीय. पैशांत न दिसणारी किंमत शरीर भरतं. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान गर्दीच्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि त्यात जीव गेले. ही माणसं सकाळी कामालाच निघालेली होती.

कल्याणच्या पुढे बदलापूरकडे आजवर दोनच रुळांवर लोकल, पुण्याकडच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्या असं सगळं चाललंय. तिसरी-चौथी मार्गिका एमयूटीपी ३ए मध्ये २०१९ ला मंजूर झाली. इमारती मात्र रुळांची वाट बघत थांबल्या नाहीत. पावसाळ्याचा मुद्दा तर वेगळाच. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, आठवतंय ना? ज्या दिवशी लाइन बंद, त्या दिवशी रजा जाते नाहीतर पगार.

नोकरी कोण घेऊ शकतं?

खरा प्रश्न इथे आहे. तासांचा हा कॉलम सगळ्यांसाठी सारखा नसतो. शिफ्ट रात्री साडेअकराला सुटत असेल तर बदलापूरच्या मुलाला शेवटच्या लोकलची धास्ती असते आणि मुलीला तर घरूनच 'ही नोकरी नको' असं सांगितलं जातं. स्टेशनबाहेर त्या वेळी शेअर रिक्षा भरत नाही आणि एकटीने स्पेशल रिक्षा केली तर दिवसभराची बचत तिथेच जाते. मीडिया, हॉटेल, हॉस्पिटल, कॉल सेंटर अशा उशिरा सुटणाऱ्या कामांत पत्ताच पात्रता ठरवायला लागतो. बिनपगारी किंवा नाममात्र मानधनाची इंटर्नशिप तर ज्याचं मुंबईत घर आहे, त्यालाच जमते. पुढे चांगली नोकरी मागताना हाच 'अनुभव' विचारला जातो. म्हणजे भाड्यातला फरक दोन वर्षांनी सीव्हीमध्ये दिसतो.

यावर उपाय फक्त उड्डाणपूल आणि महागड्या मेट्रोत नाही. एकट्या नोकरदाराला परवडेल अशी कॉट कामाच्या जवळ हवी. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नोकरदार महिलांसाठी वसतिगृहं आणि औद्योगिक कामगारांसाठी डॉर्मिटरी पद्धतीची भाड्याची घरं यांची घोषणा झाली होती. मुंबईतल्या ऑफिसात, दुकानात, न्यूजरूममध्ये काम करणाऱ्या तरुणांनाही तीच गरज आहे. कंपन्यांना तर सरकारची वाट बघायचीही गरज नाही. आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं तरी आपल्या उदाहरणातले साडेबासष्ट तास बेचाळीसच्या आसपास येतात. त्यासाठी कुणाचा पगारही वाढवावा लागत नाही.

तोवर पुढच्या वेळी घर बघायला जाल तेव्हा एवढंच करा. दोन्हीकडच्या महिन्याच्या एकूण खर्चातला फरक काढा आणि त्याला जादा लागणाऱ्या तासांनी भागा. आलेला आकडा आपल्या तासाच्या पगाराशी ताडून बघा. मग बदलापूर घ्या किंवा मुंबई. आणि इंटरव्ह्यूत 'पगाराची अपेक्षा काय?' असं विचारलं तर हे तासही धरून आकडा सांगा. एचआरला ते आवडेलच असं नाही, पण हिशोब बरोबर असेल.