अडलेला पंप आणि आडाचा तळ

वैशाख सरत आला, की आपल्या आदिलाबादेकडील जुन्या घरांतून आड उपसण्याची लगबग सुरू होते. पैनगंगेच्या अलीकडच्या या काळ्या मातीच्या मुलखात मृगाच्या सरींबरोबर गढूळ पाणी वाट मिळेल तिकडे धावते. म्हणून तळचा गाळ त्याआधीच निघालेला बरा. २०१६ साली उद्घाटन झालेल्या ‘मिशन भगीरथ’ योजनेमुळे नळाचे पाणी घरोघर पोहोचू लागले. तरी अंगणातला आड बुजवावा असे कोणाही गृहिणीस सहसा वाटत नाही. पूर्वी पोहऱ्यांनी चालणारे हे काम आता पाण्यात सोडायचा सबमर्सिबल पंप करतो. मात्र तो ऐन वेळी अडला, की घरात गोंधळ उडतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्याकडे असेच झाले. पंप नुसताच घरघरू लागला. मदतीस आलेल्या मजुराने कमरेला दोर बांधला आणि म्हणाला, “काकू, दोन मिनिटांत मोकळा करून येतो.” इतक्यात पडवीतून सासूबाईंचा आवाज आला, “थांब रे बाबा, आधी दिवा सोडून पाहा.” पोहऱ्यात पेटती पणती ठेवून खाली सोडली, तो पाण्याच्या दोन हात वरच ती विझली! मग पंपच दोराने वर ओढून घेतला. त्याच्या पंख्यात धुण्याची एक चिंधी गुंतली होती.

त्या दिवसापासून आमच्या घरी एक नियम ठरला : पंप अडला तर पंपाने वर यावे, माणसाने खाली जाऊ नये. यासाठी पंप सोडतानाच त्याच्या कडीला भक्कम नायलॉनचा दोर बांधावा. विजेच्या तारेने तो कधीही ओढू नये. वर घेण्याआधी बटण बंद करून प्लगही काढावा.

आता दुखण्यांकडे वळू. पंप मुळीच सुरू होत नसेल, तर आधी फ्यूज, प्लग आणि विजेचा दाब पाहावा. चालता चालता थांबला असेल, तर तो बहुधा तापलेला असतो. पाणी खाली जाऊन पंप उघडा पडला, की असे घडते. प्लग काढून अर्धा तास त्यास निवू द्यावे.

घूं असा आवाज येतो पण पाणी येत नाही, अशा वेळी पंख्यात चिंधी, केस किंवा काथ्या अडकला आहे का, ते पाहावे. पंखा हाताने मोकळा फिरत असूनही पंप उठत नसेल, तर कपॅसिटर निकामी झाला असण्याचा संभव असतो; ते काम वीजतंत्र्याचे.

पंप फिरतो पण धार बारीक येते, तेव्हा दोष बहुधा गाळाने बुजलेल्या जाळीचा किंवा मुडपलेल्या नळीचा असतो. स्वच्छ पाण्याचा पंप तळापासून हातभर वर टांगावा. चिखल ओढण्यासाठी वेगळा पंप मिळतो. आत हवा कोंडली असल्यास बटण बंद ठेवून पाण्यातच दोराने तो थोडा हलवावा. अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा ई.एल.सी.बी. यांवाचून हे काम करूच नये.

मोठ्या शहरांतील जलतरण तलावांचा तळ झाडणारी स्वयंचलित यंत्रे असतात. तीही अडतात ती बहुधा भरलेल्या गाळणीने, चाकात गुंतलेल्या केसांनी किंवा पिळलेल्या तारेने. केरळात तर २०१८ साली तिरुवनंतपुरम येथे गटारे उपसण्यासाठी ‘बँडिकूट’ नावाचे यंत्र कामास लागले. माणसास खाली उतरावे लागू नये, हाच त्यामागील हेतू.

आडातील धोका डोळ्यांस दिसत नाही. कुजक्या पालापाचोळ्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेहून जड असल्याने तळाशी साचतो. त्यास वासही नसतो. डिझेलचे इंजिन आडाच्या तोंडाशी चालविले, तर त्याचा विषारी धूर आत उतरतो. दिवा विझला तर धोका निश्चित. पण दिवा तेवत राहिला म्हणजे हवा निर्धोक, असे मात्र मुळीच समजू नये. विषारी वायूने दिवा विझतोच असे नाही. कोणी खाली बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे उडी घेऊ नये. एकास वाचविण्यास गेलेला दुसराही तेथेच राहतो. १०१ क्रमांकावर अग्निशामक दलास बोलवावे.

गाळ निघून नवे पाणी भरले, की ब्लीचिंग पावडर टाकावी. प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. दोन मीटर व्यासाच्या आडात तीन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ९,४०० लिटर भरते. त्यास २४ ग्रॅम ताजी पावडर पुरे. ती बादलीत कालवून, चुना खाली बसल्यावर वरची निवळी पोहऱ्याने आडात सोडून ढवळावी आणि निदान तासभर पाणी काढू नये.

ही सारी खटपट एका दिवसाची आहे. पंप बिघडला तर बाजारात दुसरा मिळतो. दोर बांधून उभा राहिलेला तो पोरगा मात्र कोणाच्या तरी घरचा एकुलता एक होता, हे आम्हांस मागाहून कळले.