दुर्मिळ दुखणी आणि दूरची रुग्णालये

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात डॉ. उषा गजभिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या काही दिवसांच्या एका बालकाच्या पोटावर शस्त्रक्रिया करून दोन अविकसित गर्भ बाहेर काढले. 'बाळाच्या पोटात बाळ' अशा मथळ्यांनी ही बातमी सर्वत्र पसरली, लोकांनी दोन दिवस आश्चर्य व्यक्त केले आणि मग ती विस्मरणात गेली. वास्तविक त्या घटनेत चमत्कार असा काहीच नव्हता. आणि हेच तिचे खरे महत्त्व होय. बाळ जन्माला येण्यापूर्वीच, आईच्या गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, बुलढाण्याच्या शासकीय रुग्णालयात सोनोग्राफी करीत असताना डॉ. प्रसाद अग्रवाल यांना गर्भाच्या पोटात काही वेगळे दिसले. त्यांनी ते 'काहीतरी असेल' म्हणून सोडून दिले नाही. पुन्हा तपासले, निदान केले आणि पुढची वाट आखून दिली. प्रसूती बुलढाण्यास झाली, बालकाला अमरावतीस हलविण्यात आले आणि तेथे शस्त्रक्रिया झाली. यात मुंबई कोठेच आली नाही. ही गोष्ट नाशिककरांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

दोन घटना, सव्वीस वर्षे

याच विकाराची दुसरी एक घटना १९९९ सालची आहे. नागपूरकडील एक छत्तीस वर्षांचा शेतकरी त्या वर्षी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात दाखल झाला. त्याचे पोट नऊ महिन्यांच्या गर्भवतीसारखे वाढले होते; श्वास घेणे कठीण झाले होते. लोक त्याची थट्टा करीत. मोठी गाठ असावी या समजुतीने डॉ. अजय मेहता यांनी शस्त्रक्रिया हाती घेतली, तेव्हा आत हाडे, केस आणि अर्धवट वाढलेले अवयव आढळले. त्याच्याच जुळ्या भावंडाचा तो अवशेष होता. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एक गर्भ अगदी आरंभीच्या काळात दुसऱ्याच्या शरीरात सामावला जातो आणि त्याच्या रक्तावर परोपजीवी होऊन राहतो. त्याला स्वतंत्र जीवन कधीच नसते. हा विकार सुमारे पाच लाख जन्मांमागे एकदा आढळतो, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात.

दोन्ही रोगी एकाच राज्याचे, दोघांचा विकार एकच. परंतु एकाला निदानासाठी छत्तीस वर्षे थांबावे लागले आणि दुसऱ्याचे निदान जन्मापूर्वीच झाले. मधल्या काळात शस्त्रक्रियेचे मूळ तंत्र काही बदलले नव्हते. गाठीला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या शोधून बांधणे आणि आवरणासह ती अलगद सोडविणे हे १९९९ सालीही सर्जनला येत होते. बदलले ते एवढेच की, जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्र होते, ते पाहणारा जाणता डोळा होता आणि रोगी कोठे पाठवावयाचा हे ठरलेले होते. दुर्मिळ विकारांच्या बाबतीत मृत्यू आणि जीवन यांच्यातील अंतर बहुधा या तीन गोष्टींनीच मोजले जाते.

पोटाची फसवी भाषा

छातीत दुखले की माणूस घाबरतो. पोटात दुखले की ओवा चावतो. पोटदुखी इतकी सर्वपरिचित आहे की, तिच्यामागे काही वेगळे असेल ही शंकाच येत नाही. त्यातून पोट मोठे फसवे आहे. आतड्याची वेदना नेमकी कोठून येते ते रोग्याला सांगता येत नाही. तो बेंबीभोवती हात फिरवितो. वीसेक निरनिराळे विकार एकाच तक्रारीच्या रूपाने वैद्यासमोर येतात. इंग्रज शल्यविशारद झॅकरी कोप यांनी १९२१ साली पोटाच्या तातडीच्या विकारांच्या निदानावर जे छोटेखानी पुस्तक लिहिले, ते शंभर वर्षांनंतरही विद्यार्थी वाचतात, याचे कारण हेच. रोग्याचे बोलणे ऐकणे आणि पोटावर हात ठेवून ते समजून घेणे यांना पर्याय अजून निघालेला नाही.

काही उदाहरणे पाहावीत. नवजात बालकाला हिरवी उलटी झाली, तर आतड्याची बैठक जन्मतःच चुकलेली असून त्याला पीळ पडला असण्याची शक्यता असते. तसे असेल तर काही तासांतच आतडे निर्जीव होते. वेळेत पीळ सोडविला तर मूल सामान्य आयुष्य जगते. दुसरा विकार असा की, लहान आतड्यावर कोशासारखे जाड पांढरे आवरण चढते. रोग्याला मधूनमधून कळा येतात, उलट्या होतात आणि आपोआप थांबतात; त्यामुळे वर्षानुवर्षे त्याला आम्लपित्ताच्या गोळ्या मिळत राहतात. पोट उघडल्यावरच खरा प्रकार कळतो. १९७८ साली सिंगापूरच्या डॉक्टरांनी किशोरवयीन मुलींमधील या विकाराला 'पोटातील कोश' असे नाव दिले. आपल्याकडे त्यामागे अनेकदा क्षयरोग असतो. ते आवरण सोलून काढले आणि त्याचा तुकडा तपासून क्षयाची औषधे दिली की रोगी बरा होतो. पण तुकडा तपासलाच नाही, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रोग मागे राहतो.

तिसरे उदाहरण शिक्षकांनी मनावर घ्यावे असे आहे. काही मुली स्वतःचे केस उपटून गिळतात. केस पचत नाहीत; जठरात त्यांचा गोळा होतो आणि कधी त्याचे शेपूट लहान आतड्यापर्यंत जाते. अशा मुलीला भूक लागत नाही, ती फिकी पडते, तिच्या पोटात टणक गोळा हाताला लागतो. शल्यचिकित्सक जठर उघडून तो गोळा काढतो. परंतु केस खाण्यामागील मनाचे दुखणे तो काढू शकत नाही. त्याची पहिली खूण घरी किंवा वर्गात दिसते. डोक्यावरचे विरळ चट्टे, सतत तोंडात जाणारी वेणी हे पाहणारी शिक्षिका त्या मुलीची पहिली निदानकर्ती ठरू शकते.

दुर्मिळ कोणासाठी?

'दुर्मिळ' हा शब्दही जपून वापरावा लागतो. शहरातील डॉक्टरला जे दुर्मिळ वाटते, ते डोंगराआडच्या पाड्यावर नित्याचे असू शकते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात, नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत, पिढ्यानुपिढ्या आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोटात असह्य वेदना उठतात. पोट ताठ होते, हात लावू देत नाही. दिसायला सारे आंत्रपुच्छाच्या दाहासारखे. रक्ताची साधी चाचणी न करता अशा रोग्याला भूल देऊन पोट उघडले, तर जेथे पाणी, प्राणवायू, ऊब आणि वेदनाशामक औषध हवे होते तेथे सुरी चालते आणि रोग्याची अवस्था बिघडते. उलटपक्षी, याच रोग्यांना पित्ताशयात खडे होतात आणि तेथे शस्त्रक्रिया खरोखरच लागू शकते. म्हणजे 'सिकलसेल आहे, सोडून द्या' म्हणूनही चालत नाही. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तीतून होणाऱ्या तपासणीची नोंद रोग्याच्या हाती असणे आणि ती शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचणे, यावरच मोहिमेचे यश अवलंबून राहील.

मेंढपाळांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. कुत्रा आणि मेंढी यांच्यामधून फिरणाऱ्या एका सूक्ष्म फीतकृमीमुळे माणसाच्या यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. त्या वर्षानुवर्षे त्रास न देता वाढतात. साधी गाठ समजून पुरेशी काळजी न घेता कोणी त्यात सुई घातली, तर आतील द्रव पोटात सांडून रोगी तेथेच दगावू शकतो. 'तुम्ही मेंढ्या पाळता का?' हा एक प्रश्न येथे लाखो रुपयांच्या यंत्रापेक्षा अधिक काम करतो. तो विचारण्यासाठी डॉक्टरला रोग्याचे जगणे ठाऊक असावे लागते.

खर्चाचा युक्तिवाद

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाकाऊ नाही. ज्या जिल्ह्यात कुपोषण, सर्पदंश आणि बाळंतपणातील रक्तस्राव यांनी माणसे मरतात, तेथे पाच लाखांत एक अशा विकाराची चिंता कशाला? मर्यादित पैसा बहुसंख्यांच्या दुखण्यांवर खर्च व्हावा, हा विचार वरवर न्याय्य वाटतो. परंतु त्यात एक गफलत आहे. दुर्मिळ विकारासाठी वेगळे रुग्णालय लागत नाही. त्यासाठी सर्जन, भूलतज्ज्ञ, सोनोग्राफी, रक्तसाठा आणि काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा तज्ज्ञ लागतो. अडलेल्या बाळंतिणीला, आतडे फुटलेल्या शेतमजुराला आणि अपघातग्रस्त विद्यार्थ्याला यांतील बहुतेक हेच लागते. जी व्यवस्था विरळा विकार ओळखू शकते, तीच नेहमीचा विकार वेळेवर ओळखते. आणि जी विरळ्याकडे डोळेझाक करते, ती नेहमीच्याकडेही निष्काळजीपणेच पाहत असते.

दुर्दैवाने या व्यवस्थेतील पहिला दुवाच निखळलेला आहे. केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्यविषयक आकडेवारीप्रमाणे देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत सर्जनची तूट ८० टक्क्यांहून अधिक होती. सामान्यतः १ लाख २० हजार आणि आदिवासी भागात ८० हजार लोकसंख्येमागे एक असे हे केंद्र असावे, असा दंडक आहे. इमारत उभी राहते, पाटी लागते, सर्जन मात्र येत नाही. मग सुरगाण्याच्या रोग्याला जवळजवळ ९० किलोमीटर घाट उतरून-चढून नाशिक गाठावे लागते, आणि तेथेही भागले नाही तर कसारा घाट उतरून मुंबई.

शासनाच्या विमा योजनांनी गरिबांना मोठा आधार दिला, हे नाकारता येणार नाही. २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने विस्तारली. परंतु अशा योजना ठरावीक उपचारांच्या यादीवर चालतात. आणि यादीला आधी रोगाचे नाव लागते. दुर्मिळ विकाराच्या रोग्याची खरी ओढाताण नाव सापडण्यापूर्वीच्या दिवसांत होते. गाव बदलून, डॉक्टर बदलून, दागिने मोडून तो नावाच्या शोधात फिरत असतो. निदानाचा हा काळ कोणत्या यादीत बसवावयाचा, याचा विचार झाला पाहिजे.

नाशिकने काय करावे?

नाशिकची परिस्थिती अनेक जिल्ह्यांहून चांगली आहे. येथे जिल्हा रुग्णालय आहे, आडगावला १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि शालिमार भागात अमरावतीसारखेच विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. शिवाय १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे. राज्यभरातील वैद्यकीय शिक्षणाची सूत्रे येथून हलतात. तेव्हा अमरावतीला जे साधले ते नाशिकला साधण्यासारखे नाही, असे कोणी म्हणणार नाही.

तीन गोष्टी तातडीने हाती घेण्यासारख्या आहेत. पहिली, संदर्भ सेवेची निश्चित साखळी. ग्रामीण रुग्णालयातून निघालेला रोगी कोणत्या दारात, कोणाच्या हाती, कोणते कागद घेऊन पोहोचेल हे आधी ठरलेले असावे. केवळ 'पुढे न्या' असे लिहिलेली चिठ्ठी म्हणजे संदर्भ सेवा नव्हे. दुसरी, नोंदवही. संलग्न महाविद्यालयांत पोटाच्या ज्या विरळा शस्त्रक्रिया होतात, त्यांची रोग्याचे नाव वगळून एकत्र नोंद विद्यापीठाने ठेवावी आणि चुकलेली निदानेही त्यात असावीत. एका डॉक्टरला असा विकार जन्मात एकदा भेटतो. राज्याला तो दरवर्षी भेटत असेल. एकाचा अनुभव सर्वांच्या कामी येण्याचा दुसरा मार्ग नाही. तिसरी गोष्ट शिक्षणाची. यंत्राच्या अहवालाकडे पाहण्यापूर्वी रोग्याच्या पोटाकडे पाहण्याची आणि त्याची बोली समजून घेण्याची सवय विद्यार्थ्याला लागली पाहिजे. कोकणी आणि वारली रोगी 'पोटात काय होते' हे ज्या शब्दांत सांगतो, ते शब्द परीक्षेच्या पुस्तकात नसतात.

सोनोग्राफीच्या यंत्राविषयी एक कटू सत्यही विसरता येत नाही. गर्भातील मुलगी शोधण्यासाठी गर्भपरीक्षेच्या तंत्रांचा इतका दुरुपयोग झाला की, १९८८ साली महाराष्ट्राला देशात सर्वप्रथम त्याविरुद्ध कायदा करावा लागला. बुलढाण्यात तेच यंत्र एका जिवाच्या रक्षणासाठी वापरले गेले. यंत्राला नीती नसते. ती ते वापरणाऱ्याला असावी लागते.

आपल्या परंपरेला हा विषय अपरिचित नाही. आतड्याला झालेला अडथळा आणि छिद्र यांसाठी पोट उघडण्याचा विधी सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. आतड्याच्या कडा जोडण्यासाठी काळ्या मुंग्यांचे चावे वापरण्याची युक्तीही तेथे आहे. त्याचा अभिमान बाळगणे सोपे आहे. परंतु पेठच्या पाड्यावरचे हिरवी उलटी करणारे बाळ सहा तासांत सर्जनच्या टेबलावर पोहोचत नसेल, तर त्या अभिमानाचा बाळाला उपयोग नाही. रोग दुर्मिळ असणे हा निसर्गाचा योग. त्याचे निदान दुर्मिळ असणे हा व्यवस्थेचा दोष. निसर्गापुढे उपाय चालत नाही, असे म्हणून व्यवस्थेला सूट देण्याचे दिवस संपले पाहिजेत.