आधी समजावणी, मग निशाणी

इ. स. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून घेऊन जाळले. ज्या कागदावर नांगराची निशाणी केली, त्यात काय लिहिले आहे हे पुष्कळांस कधीच कळले नव्हते. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने असे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व्हावेत, असे बंधन घातले. आधी समजावणी व मग निशाणी, हाच त्यामागील हेतू होता.

आज निशाणीची जागा मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने घेतली आहे. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. त्यासाठी आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक व जमिनीची नोंद एकत्र जोडली जाते. त्यामुळे तेच तेच कागद पुन्हा देण्याचे कष्ट वाचतात, हा लाभ उघड आहे. परंतु हीच माहिती लबाडाच्या हाती पडल्यास शेतकऱ्याची फसवणूकही तितकीच सोपी होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून, मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. संमती मागणाऱ्याने माहिती कशासाठी हवी हे स्पष्ट सांगावे, ती सूचना मराठीतूनही मिळण्याची सोय ठेवावी आणि दिलेली संमती परत घेता यावी, असे हा कायदा सांगतो. अनुदानासारख्या कामी शासनास काही बाबतींत नव्याने संमती घ्यावी लागत नाही. तथापि तेथेही आवश्यक तेवढीच माहिती वापरणे व ती सुरक्षित राखणे भाग आहे. ही सवलत म्हणजे मोकळे रान नव्हे.

सुरक्षिततेत कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ती रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होते; ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरी ती पडत नाही. हे या कायद्यातील मोठे उणे होय. म्हणूनच नुकसान होण्यापूर्वीची दक्षता अधिक मोलाची ठरते, आणि ती गावातच घेतली पाहिजे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने आधारपत्राचे छायाचित्र स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवून ठेवू नये. काम होताच ते पुसून टाकावे. आधार व बँक खात्याचे क्रमांक असलेल्या याद्या व्हॉट्सॲपच्या गटांवर पाठवू नयेत. ओटीपी मागण्यापूर्वी तो कशासाठी हवा हे दोन वाक्यांत सांगावे. शेतकऱ्यानेही तसे विचारण्यास संकोचू नये, आणि दूरध्वनीवरून मागणाऱ्या अनोळखी माणसास ओटीपी कदापि सांगू नये. पैशाची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

इतके समजावीत बसल्यास नोंदणीचे उद्दिष्ट कसे पुरे व्हावे, अशी शंका निघते. परंतु एका शेतकऱ्याची फसवणूक झाली की सारा गाव पुढच्या योजनेकडे संशयाने पाहू लागतो. तो संशय दूर करण्यास जो काळ लागतो, त्यापुढे समजावणीची चार मिनिटे काहीच नव्हेत. दीडशे वर्षांपूर्वी शेतकऱ्यास न समजलेल्या कागदाचा जाच झाला; आज न समजलेल्या ओटीपीचा जाच त्यास होऊ देता कामा नये.