तारापूरच्या जोडावरची भेग

भूममध्ये बसून तारापूरच्या पाइपांची चिंता कशाला करायची, असे कोणी आम्हाला विचारील. तारापूरची वीज ज्या जाळ्यात जाते, त्याच जाळ्यावर भूमच्या विहिरीवरची मोटार चालते, म्हणून!

१९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २०२० साली दुरुस्तीसाठी बंद झाल्या. भट्टीत पाणी फिरते ठेवणारे पाइप बदलणे हे त्यातले मोठे काम. स्टेनलेस स्टील म्हणजे न गंजणारे, मग ते तडकते कसे? वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचे क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि धातूच्या कणांच्या कडा उघड्या पडतात. वेल्डिंगचा ताणही तिथेच उरलेला. त्यावरून प्राणवायू मिसळलेले उकळते पाणी वाहते. तिन्ही एकत्र आले की केसाएवढी भेग आतल्या आत वाढते. कमी कार्बनचे पोलाद वापरणे, पाण्यात हायड्रोजन सोडून प्राणवायू घटवणे, जोडावरचा ताण काढणे हे उपाय ठाऊक आहेत. तरीही जोड तपासावे लागतातच आणि त्यासाठी भट्टी बंद ठेवावी लागते. बंद भट्टी पैसा मिळवत नाही.

अमेरिकेतील ओहायो राज्यात डेव्हिस-बेस केंद्रातल्या भट्टीच्या झाकणावरील नळ्यांना तडे असल्याची शंका होती. ३१ डिसेंबर २००१ पर्यंत तपासणी व्हावी, असे नियामकाचे म्हणणे. कंपनीने फेब्रुवारीपर्यंत मुदत मिळवली. मार्च २००२ मध्ये पाहतात तो काय, तड्यातून गळलेल्या बोरिक ॲसिडने झाकणाचे जाड पोलाद खाऊन टाकलेले! आतला स्टेनलेस स्टीलचा पातळ थर तेवढा उरला होता. ही गोष्ट प्रगत म्हणवणाऱ्या अमेरिकेतली.

आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुवीज खासगी कंपन्यांना खुली केली. उद्या अशी मुदतवाढ मागणाऱ्या धनदांडग्याला नियामक नाही म्हणेल काय? आणि किरणोत्सर्गी भागात उतरून पाइप कापणार कोण? साहेब नव्हे, कंत्राटी मजूर! पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा कागदावर आहे. पण मजुराच्या अंगावर किती मात्रा पडली, याची नोंदवही कंत्राट संपल्यावर त्याच्याच हाती राहिली पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूर आणि वीज हे दोन्ही विषय एकत्र सांभाळले होते, हे राज्यकर्त्यांना आठवते काय?

प्रत्येक जोडाच्या तपासणीचा अहवाल मराठीत, पालघरच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लावा, अशी आमची मागणी आहे.