'डबल' म्हणून देऊन टाकू नका!

होस्टेलवर तिकिटं जमवणारे अजूनही चार-पाच जण निघतात. त्यांच्या तोंडी एक शब्द हमखास असतो, 'डबल'. एकाच चित्राची दोन तिकिटं आली की एक अल्बममध्ये, दुसरं कुणालाही देऊन टाकायचं. माझं स्पष्ट मत आहे, की तिकीट उलटं करून उजेडात धरल्याशिवाय हा शब्द उच्चारूच नये.

पंचम जॉर्जचं चॉकलेटी एक आण्याचं तिकीट घ्या. १९२२ ला ते लंडनच्या डे ला रू कंपनीत छापलं गेलं. १९२५ साली नाशिकला सरकारी छापखाना उभा राहिला आणि १९२६ पासून तेच तिकीट तिथे छापू लागले. राजा तोच, रंगही तोच. पण लंडनच्या तिकिटाच्या कागदात एकच मोठी चांदणी असते आणि नाशिकच्या कागदात लहान लहान चांदण्या विखुरलेल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर ड्रॉइंग एक, मटेरियल वेगळं!

हे जलचिन्ह, म्हणजे वॉटरमार्क, छापलेलं नसतं. लगदा ओला असतानाच त्यावर नक्षी दाबतात, तेवढ्या जागी कागद पातळ होतो. म्हणून तिकीट पालथं करून काळ्या कागदावर ठेवा, नाहीतर मागून मोबाईलचा टॉर्च धरा. काही तिकिटांत चटकन दिसतं, काहींत डोळे दुखेपर्यंत बघावं लागतं. (सबमिशनच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नये.) सांगलीच्या यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघतात, वरून सगळी हळद सारखीच. तसंच हे.

गंमत म्हणजे इंग्रज गेले तरी चांदण्या गेल्या नाहीत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, तेव्हा भारताचा नकाशा असलेली 'नये पैसे'वाली तिकिटं निघाली. तीही चांदण्यांच्या कागदावरच. १९५८ पासून त्याच नकाशाच्या तिकिटांच्या कागदात अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे नकाशाची दोन पैशांची दोन तिकिटं तुमच्याकडे असली, तर ती 'डबल' असतीलच असं नाही.

आता पाकिटाचं. तिकीट पाकिटावर चिकटलेलं असेल तर वॉटरमार्क दिसत नाही, म्हणून आपण ते लगेच पाण्यात टाकतो. थांबा! आधी शिक्का वाचा. शिक्का १९५७ चा असेल तर कागद चांदण्यांचाच, भिजवायची गरजच नाही. शिक्का १९२४ चा असेल तर राजा लंडनचाच. शिवाय पत्र कुठून कुठे गेलं हेही त्या पाकिटावर असतं, ते तिकिटासोबत निघून येत नाही. १९५८ नंतरचा शिक्का मात्र काही ठरवत नाही, जुना साठा पोस्टात पुढेही खपतच असतो. तिथे ज्याने त्याने ठरवावं. मी असतो तर पाकीट तसंच ठेवलं असतं.

यातून कुणी लखपती होणार नाही, हेही सांगून टाकतो. ही तिकिटं लाखोंनी छापली गेली, बाजारात दोन्ही स्वस्तच मिळतात. पण २००५ आणि २०१९ च्या महापुरांत सांगलीतल्या कित्येक घरांतले जुने कागद भिजून गेले. जे माळ्यावर होते म्हणून वाचले, ते आता रद्दीवाल्याकडे निघालेत. दिवाळीला घरी गेलात की आजोबांची पेटी उघडा. कात्री मात्र नेऊ नका, टॉर्च न्या. ऑफिसमधल्या सरांनाही विनंती, जुन्या फायली निकालात काढाल तेव्हा रिकामी पाकिटं आधी होस्टेलवर पाठवा.

आणि हो, नाशिकच्या पोरांनी उगाच कॉलर ताठ करू नये. लंडनची चांदणी मोठी होती!